कलम 27 आणि आमच्या कोर्टात उभी राहणारी पोरं : महाराष्ट्राच्या खासदारांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेत आणि राज्यसभेत गेलेले सर्व 67 खासदार

विषय : अमली पदार्थांचं सेवन करणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारं एनडीपीएस (अमली आणि मनोप्रभावी पदार्थ) कायद्याचं कलम 27 रद्द करण्याबाबत

स.न.वि.वि.

मी मुंबईतल्या एका दंडाधिकारी न्यायालयात मोफत कायदेसेवेच्या पॅनेलवर वकिली करते. ज्याला वकील परवडत नाही त्याच्या बाजूनं उभं राहायचं, हे माझं काम. माझ्याकडे येणाऱ्या आरोपींत मोठा भरणा असतो तो गांजा ओढताना पकडलेल्या पोरांचा. ज्या कायद्याखाली ही पोरं कोर्टात येतात तो बदलणं न्यायाधीशांच्या हातात नाही, पोलिसांच्या नाही आणि विधानसभेच्याही नाही. तो संसदेचा कायदा आहे, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

मागणी आधीच सांगते, म्हणजे गैरसमज नको. गांजा, गर्द, एमडी (मेफेड्रोन) यांची दुकानं उघडा असं मी म्हणत नाही. विकणाऱ्याला, बनवणाऱ्याला, पैसा पुरवणाऱ्याला सोडा असंही म्हणत नाही. नशा करणारा माणूस केवळ नशा करतो म्हणून गुन्हेगार ठरतो, ते थांबवा. त्याच्याजवळ स्वतःपुरता सापडलेला मालही फौजदारी गुन्ह्यातून बाहेर काढा आणि त्याला पोलीस चौकीऐवजी आरोग्यव्यवस्थेच्या दारात नेऊन उभं करा.

महाराष्ट्रात या विषयावर आरडाओरडा खूप होतो, पण तो बहुतेक एकमेकांवर. ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत छापा घातला आणि पुण्यापासून दिल्लीपर्यंत मिळून दीड हजार किलोहून अधिक मेफेड्रोन हाती लागलं. दोन्ही वेळा विरोधकांनी सरकारला धारेवर धरलं, सरकारनं विरोधकांकडे बोट दाखवलं, आणि अधिवेशन संपलं. 2025 मध्ये अमली पदार्थांची तस्करी मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली आणण्यात आली. या कारखानदारांवर मोक्का लागला तर मला वाईट वाटणार नाही. पण त्या बातमीतले आरोपी आणि माझ्या कोर्टात येणारे आरोपी यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो, हे तुम्हाला कुणी सांगत नाही. म्हणून आमच्याकडचा एक साधा दिवस सांगते.

सकाळी पोलीस तीन-चार पोरांना घेऊन येतात. कलम 8(क) सह 27. त्यातला एक भाजी मार्केटात गोणी उतरवणारा, वय बावीस. सार्वजनिक शौचालयाच्या मागे बसून ओढत होता. पंचनाम्यात लिहिलेलं असतं, ‘अर्धवट जळालेली, उग्र वास येत असलेली सिगारेट’. हा मजकूर मला आता पाठ आहे. पंचनाम्यातली नावं आणि ठिकाण बदलतं, वाक्य तेच राहतं. रात्री त्याला वैद्यकीय तपासणीला नेऊन आणलेलं असतं. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पिवळी पडलेली असतात आणि खांद्यावर गोणीचा घट्टा असतो. मी त्याला सांगते, खटला लढवता येईल, रासायनिक अहवाल मागवू, पंचांना तपासू. तो एकच विचारतो, “मॅडम, कबूल केलं तर आज सुटेन ना?”

कारण लढवायचं म्हणजे तारखा. तारीख म्हणजे खाडा. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली आणि मुकादमानं दुसरा माणूस लावला. तो गुन्हा कबूल करतो. कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा आणि दंड. बाहेर आई थांबलेली असते, ती बचत गटातून उचललेले पैसे भरते. संध्याकाळी तो मोकळा होतो, आणि ज्या शौचालयामागे बसला होता त्याच वस्तीत परत जातो. त्या सगळ्या दिवसात त्याला कुणी डॉक्टर भेटत नाही, समुपदेशक भेटत नाही, “तू हे किती दिवस ओढतोस” एवढंही कुणी विचारत नाही. त्याला मिळते ती फक्त दोषसिद्धी. पुढे सिक्युरिटी एजन्सीत, कुरिअर कंपनीत किंवा पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात, तेव्हा ही दोषसिद्धी बाहेर येते. मग तो पुन्हा गोणीखाली.

हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेनं 2017 आणि 2018 या दोन वर्षांतल्या मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांमधल्या दहा हजारांवर खटल्यांचा अभ्यास केला. सुमारे 98 टक्के लोक केवळ सेवनासाठी पकडलेले होते. सुमारे 87 टक्के प्रकरणं गांजा-चरसची होती. जवळजवळ सगळ्यांनी गुन्हा कबूल केला होता. आणि पकडले गेलेले बहुतेक फुटपाथवर, झोपडपट्टीत राहणारे आणि हातावर पोट असणारे होते. बंद फ्लॅटमध्ये, बंगल्याच्या गच्चीवर किंवा हॉटेलच्या खोलीत ओढणाऱ्याच्या घरी पंचनाम्याची गाडी फार क्वचित जाते. नाशिकला सिंहस्थात चिलीम भरली जाते, तिथेही कुणी कलम 27 लावत बसत नाही, आणि लावू नये असंच मला वाटतं. माझं म्हणणं एवढंच, की जो समंजसपणा साधूंच्या तंबूत दाखवता येतो तो हमालाच्या वाट्याला का येत नाही?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत 2022 साली एनडीपीएसचे देशभरातले गुन्हे एक लाख पंधरा हजारांच्या वर गेले होते, आणि केरळच्या खालोखाल महाराष्ट्र होता, सुमारे 13,800 गुन्ह्यांसह. हा आकडा पत्रकार परिषदेत कारवाईचा पुरावा म्हणून वाचला जातो. त्यातला सिगारेटवाला किती आणि कारखानेवाला किती, हे एकदा वेगळं करून बघा.

आता कायद्याकडे येते. अनेकांना वाटतं, ही बंदी आपल्या संस्कृतीतून आली. तसं नाही. ब्रिटिश संसदेत प्रश्न उठला म्हणून 1893 मध्ये भारतात भांग-गांजा-चरस यांच्यासाठी आयोग नेमला गेला. त्यानं अकराशेहून जास्त साक्षी नोंदवल्या आणि निष्कर्ष काढला की माफक सेवनानं फारसं नुकसान दिसत नाही, अतिसेवन घातक आहे, आणि सरसकट बंदी घालण्याऐवजी कर लावून नियंत्रण ठेवावं. पुढे अमली पदार्थांबाबतच्या 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं सही केली, ती गांजाची पानं आणि बिया व्याख्येतून वगळून घेतल्यानंतर. गांजाचा बिगर-वैद्यकीय वापर बंद करायला करारानं पंचवीस वर्षांची मुदत दिली होती. मुदत संपत आली आणि 1985 च्या ऑगस्टमध्ये विधेयक मांडलं गेलं, सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींची सही झाली, 14 नोव्हेंबरला कायदा लागू झाला. शतकानुशतकं चालत आलेल्या गोष्टीचा निर्णय काही आठवड्यांत झाला. पान वगळलेलं असल्यामुळे भांग आजही या कायद्याच्या बाहेर आहे. वाराणसीत सरकारी परवान्याच्या दुकानात ती मिळते. त्याच झाडाच्या शेंड्याचा फुलोरा चिलमीत भरला तर सहा महिन्यांपर्यंत कैद.

अफूचंही बघा. मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचला आणि राजस्थानात चित्तोडगड-प्रतापगडला शेतकरी सरकारी परवान्यानं अफू पिकवतात, सरकार ती मोजून घेते आणि नीमच-गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते. म्हणजे सर्वांत धोकादायक पदार्थाच्या कच्च्या मालावर नियंत्रण ठेवायचं आपल्याला जमतं. याच कायद्याच्या धाकानं दुसरीकडे एक मोठी क्रूर गोष्ट घडली. कॅन्सरच्या रुग्णाला लागणारं मॉर्फिन मिळेनासं झालं. परवान्यांवर परवाने, त्यामुळे रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं, आणि 1985 नंतरच्या दहा-बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. जगाला अफू पुरवणाऱ्या देशात माणसं कळवळत गेली. 2014 मध्ये संसदेनं ‘अत्यावश्यक अमली औषधं’ असा वेगळा वर्ग करून हे दुरुस्त केलं. मुंबई उच्च न्यायालयानं 2011 मध्ये या कायद्यातली सक्तीची फाशी टिकणार नाही असं ठरवलं, तेही 2014 च्या दुरुस्तीत आलं. 1989, 2001, 2014, 2021, इतक्या वेळा संसदेनं या कायद्याला हात लावला आहे. कलम 27 ला हात लावला तर आभाळ कोसळणार नाही.

तुमच्यापैकी काहींना वाटेल की हा विषय काढला तर आपला पक्ष काय म्हणेल. पक्षांची या बाबतीतली स्थिती दिसते तितकी सरळ नाही. तेव्हा आम आदमी पक्षाकडून निवडून आलेले पतियाळाचे धर्मवीर गांधी यांनी 2016 मध्ये खासगी विधेयकाद्वारे गांजा आणि अफूचा विषय संसदेत आणला. पंजाबात भुक्की, म्हणजे अफूच्या बोंडांचा चुरा, बंद झाली आणि तिची जागा हेरॉइननं, चिट्ट्यानं घेतली, हा त्यांचा मुख्य मुद्दा. ते स्वतः डॉक्टर आहेत. बिजू जनता दलाचे तथागत सत्पथी खासदार असताना गांजाबंदीविरुद्ध उघड बोलत. भाजपच्या मेनका गांधी यांनी मंत्री असताना 2017 मध्ये वैद्यकीय गांजाचा मुद्दा मांडला. उत्तराखंडात भाजपच्या काळात औद्योगिक भांगशेतीला परवानगी मिळाली, हिमाचलात काँग्रेसच्या काळात विधानसभेनं तसा अहवाल स्वीकारला. डिसेंबर 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव 27 विरुद्ध 25 मतांनी मंजूर झाला. त्या 27 मध्ये भारताचं मत होतं. आणि ऑक्टोबर 2021 मध्ये, मुंबईच्या क्रूझवरचा छापा रोज टीव्हीवर गाजत असताना, केंद्राच्याच सामाजिक न्याय मंत्रालयानं स्वतःपुरता थोडा माल बाळगणाऱ्याला गुन्हेगार समजू नये अशी शिफारस केली होती. ती शिफारस आजही फायलीत पडून आहे.

दुसरा पक्षही मी नीट ऐकलेला आहे. आपल्याकडे तो मुख्यतः दारूच्या निमित्तानं बोलतो आणि त्याचा आवाज बायकांचा आहे. आडव्या बाटलीला मत देऊन गावातलं दुकान बंद पाडणाऱ्या बायकांनी जे भोगलंय त्यापुढे मुंबईत बसून व्यक्तिस्वातंत्र्याच्या गोष्टी सांगायची माझी तयारी नाही. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी त्यामागे गावागावांतून उभं केलेलं काम मला मोलाचं वाटतं. चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 ला बंदी आली आणि मे 2021 मध्ये सरकारनं ती उठवली, अवैध दारू आणि गुन्हे वाढले असं कारण देऊन. बंदीचे समर्थक म्हणतात अंमलबजावणी नीट झाली नाही, विरोधक म्हणतात होऊच शकत नाही. जानेवारी 2022 मध्ये महाविकास आघाडी सरकारनं सुपरमार्केटात वाइन विकायचं ठरवलं तेव्हा भाजपनं कडाडून विरोध केला. पण सत्तेवर कुणीही असो, उत्पादन शुल्काचे वर्षाला वीस हजार कोटींहून जास्त रुपये कुणीच सोडायला तयार नसतो.

याच कारणासाठी बंदी पूर्ण उठवा, बाजार खुला करा, कर लावा, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्यांचा युक्तिवाद तर्काला धरून आहे. बेकायदा बाजार गुंडांचा असतो, त्यात भेसळ असते, भांडण झालं तर कोर्टात जाता येत नाही म्हणून सुरे निघतात. हे खरं आहे. मुंबईनं ते दारूबंदीच्या काळात पाहिलं आणि विषारी दारूचे बळी विक्रोळीपासून 2015 च्या मालवणीपर्यंत मोजले. पण कायदेशीर बाजार उघडला की त्यात कंपन्या येतात, जाहिराती येतात, आणि सरकार स्वतःच गिऱ्हाईक वाढण्याची वाट बघू लागतं. एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशात दारू पिणारे सुमारे 16 कोटी निघाले, त्यातल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना मदतीची गरज होती. भांग-गांजा-चरस घेणारे तीन कोटींच्या थोडे वर होते. कायदेशीर पदार्थाचा पसारा किती होतो हे या दोन आकड्यांत दिसतं. थायलंडनं 2022 मध्ये गांजा मोकळा केला, गल्लोगल्ली दुकानं झाली, आणि 2025 मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणावा लागला. जर्मनीनं एप्रिल 2024 पासून दुकानांना वगळून, घरची दोन-तीन झाडं आणि सभासदांचे क्लब अशी वाट काढली आहे, ती मला जास्त शहाणपणाची वाटते. गांजाबद्दल अशी चर्चा आपल्याकडेही व्हायला हवी. एमडी आणि हेरॉइनच्या विक्रीबद्दल होऊ नये.

आणि घटनेच्या 47 व्या कलमाचं काय? आरोग्याला अपायकारक पेयं आणि पदार्थांच्या सेवनावर, औषधी वापर सोडून, बंदी आणण्याचा प्रयत्न राज्यानं करावा, असं ते सांगतं. पण त्याच कलमाची सुरुवात पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारण्यानं होते. व्यसनी माणसाला तुरुंगात घाला, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

दंड काढला तर पोरं बिघडतील, सरकारनं परवानगी दिली असं समजतील, ही भीती मी सर्वांत जास्त ऐकते. तिचं उत्तर तुमच्याच सभागृहानं दिलेलं आहे. दीडशे वर्षांहून जास्त काळ भारतात आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, कलम 309. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात संसदेनं म्हटलं की अशा माणसावर तीव्र ताण होता असं गृहीत धरावं, त्याला शिक्षा करू नये, आणि सरकारनं त्याला उपचार द्यावेत. नव्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच उरलेलं नाही. त्यामुळे आत्महत्येला सरकारची परवानगी मिळाली, असं कुणा आईबापाला वाटलं का? त्याच 2017 च्या कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना मानसिक आजार म्हटलं आहे. म्हणजे एक कायदा त्याला रुग्ण म्हणतो आणि दुसरा आरोपी. माझ्या अशिलाला दोन्ही लागू होतात, पण पोलीस दुसराच घेऊन येतात.

बाहेरच्या देशांत काय झालं, हेही तुम्हाला सांगितलं जाईल, तेव्हा दोन्ही बाजूंनी ऐका. पोर्तुगालनं जुलै 2001 पासून सर्व पदार्थांचं सेवन आणि दहा दिवसांपुरता साठा फौजदारी कायद्यातून काढला. विक्री गुन्हाच राहिली. पकडलेला माणूस न्यायाधीशाऐवजी तीन जणांच्या समितीपुढे जातो, तिथे कायदा जाणणाऱ्यांबरोबर आरोग्य आणि समाजकार्यातली माणसं असतात. सुई टोचून घेणाऱ्यांत एचआयव्हीची वर्षाला हजाराहून जास्त नवी नोंद होत होती, ती दहा-बारा वर्षांत शंभराच्या आत आली. पुढे उपचारसेवांचा पैसा आटला तशा पोर्तो शहरात पुन्हा रस्त्यावरच्या नशेच्या तक्रारी वाढल्या. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानं 2020 मध्ये मतदानानं शिक्षा काढली, पण उपचार उभे राहायच्या आत. शंभर डॉलरच्या दंडाची पावती हातात द्यायची आणि हेल्पलाइनला फोन केला तर दंड माफ, अशी व्यवस्था होती. फोन फारच थोड्यांनी केले, त्याच काळात फेंटानिल हे अतितीव्र, जीवघेणं ड्रग पसरलं, लोक संतापले आणि सप्टेंबर 2024 पासून ते पुन्हा गुन्हा झालं. मला यात विरोधाभास दिसत नाही. जिथे शिक्षा काढून तिच्या जागी माणसं आणि पैसा ठेवला तिथे फरक पडला, जिथे नुसती जागा रिकामी केली तिथे फसलं.

म्हणून उपचारांबद्दल सविस्तर बोलायला हवं. कायद्यात कलम 64अ आहे. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला तयार झाला आणि त्यानं ते पूर्ण केले तर सेवनासाठी आणि अल्प प्रमाणातल्या मालासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. कलम 39 खाली न्यायालयही शिक्षेऐवजी उपचाराला पाठवू शकतं. कागदावर हे उत्तम आहे. पण मी 64अ चा अर्ज केला की पहिला प्रश्न येतो, केंद्र कोणतं? मान्यताप्राप्त, जवळचं आणि गरिबाला परवडेल असं केंद्र दाखवा. अनेकदा मला दाखवता येत नाही. आणि जो व्यसनी नाही, कधीतरी ओढणारा आहे, त्याला हे कलम लागूच होत नाही. म्हणजे सुटायचं असेल तर आधी व्यसनी असायला हवं!

एम्सच्या त्याच सर्वेक्षणात बेकायदा पदार्थांच्या व्यसनात अडकलेल्या वीस जणांपैकी एकालाच कधी काही उपचार मिळालेले दिसले. सुई टोचणारे साडेआठ लाख होते. या महाराष्ट्राला उपचार म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही. पुण्यात गर्दनं घरं उद्ध्वस्त होत होती तेव्हा 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीनं ‘मुक्तांगण’ सुरू केलं. तिथे दाराला कुलूप न लावता, मारहाण न करता माणसं सावरली. असं प्रत्येक जिल्ह्यात एक तरी असायला नको का? आज अनेक ठिकाणी नशामुक्ती केंद्राच्या नावाखाली कोंडवाडे चालतात, आणि हतबल घरचे लोक तिथे मुलाला टाकून येतात, कारण दुसरा पर्याय पोलीस असतो.

पोलिसांची ही भीती जीव घेते. ओव्हरडोस झालेल्या मुलाला त्याचे मित्र कॅज्युअल्टीच्या दारात सोडून पळून जातात, कारण आत गेलं की एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, होणार, पोलीस येणार, “तुम्ही कुठून आणलं” विचारणार. डॉक्टरला कळायला हवं असतं की त्यानं काय घेतलं, किती घेतलं. ते सांगणारा गेटबाहेर गेलेला असतो. एका आईनं मला सांगितलं होतं, तिच्या मुलाचे मित्र वाईट नव्हते, घाबरले होते. मुलगा वाचला. पण डॉक्टरांना नेमकं काय झालंय हे कळेपर्यंत कितीतरी वेळ अंदाजातच गेला होता.

पोलीस अधिकारी मला सांगतात, पिणाऱ्याला पकडलं नाही तर विकणाऱ्यापर्यंत पोचायचं कसं. हा प्रश्न प्रामाणिक आहे. पण आमच्या कोर्टात त्या दिवशीच गुन्हा कबूल करून सुटणाऱ्या पोराकडून कोण कुठे पोचतं? त्याच्या कागदपत्रांत माल कुणाकडून घेतला याची जागा बहुतेक ‘अनोळखी इसम’ या दोन शब्दांनी भरलेली असते. ज्याला शिक्षेची भीती नाही तो साक्षीदार होऊ शकतो. आरोपी तोंड बंद ठेवतो. दुसरी शंका, पेडलर थोडा थोडा माल घेऊन फिरेल आणि स्वतःसाठी आहे म्हणेल. यात तथ्य आहे, आणि त्यासाठी कायदा नीट लिहावा लागेल. आज गांजाची ‘अल्प प्रमाण’ मर्यादा एक किलो आहे. एक किलो गांजा कुणी स्वतःसाठी खिशात घेऊन फिरत नाही. एमडीची मर्यादा दोन ग्रॅम आहे. स्वतःच्या सेवनाची मर्यादा वेगळी आणि वास्तव ठरवा, आणि पुड्या, वजनकाटा, रोख, फोनवरचे व्यवहार असे विक्रीचे पुरावे असतील तर माल कितीही थोडा असो, विक्रीचा गुन्हा लावा.

अजून एक. नशा कायद्याच्या यादीपेक्षा वेगानं धावते. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती झोपेच्या औषधाची गोळी असते. रेल्वे फलाटांवरची मुलं व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्यूशन हुंगतात, ते एनडीपीएसमध्ये मुळी नाहीच. त्याच सर्वेक्षणात हुंगण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा दहा ते सतरा वयाच्या मुलांत जास्त होतं, दुपटीच्या घरात. मेफेड्रोन 2015 मध्ये यादीत आलं, तोवर ‘म्याव म्याव’ मुंबईच्या कॉलेजांत मुरलं होतं. नवा पदार्थ यादीत टाकून त्या मुलांपर्यंत पोचता येत नाही. शाळेतला समुपदेशक पोचू शकतो, फलाटावर काम करणारी कार्यकर्ती पोचू शकते.

तर आता तुमच्याकडून नेमकं काय हवं आहे ते लिहिते. कलम 27 रद्द व्हावं आणि स्वतःपुरता माल बाळगणं कलम 20, 21 आणि 22 मधून वगळावं, यासाठी दुरुस्ती विधेयक आणा. सरकार आणत नसेल तर खासगी विधेयक आणा, सर्वपक्षीय सह्यांचं आणलंत तर फारच चांगलं. केवळ सेवनासाठी ज्यांना दोषी ठरवलं गेलं त्यांच्या नोंदी चारित्र्य पडताळणीतून काढायची तरतूद त्यात असू द्या, नाहीतर आजवरच्या पोरांना त्याचा उपयोग नाही. आणि ज्या दिवशी शिक्षा निघेल त्याच दिवशी प्रत्येक जिल्ह्यात मान्यताप्राप्त, मोफत उपचाराची सोय चालू असेल, यासाठी पैसा आधी मंजूर करून घ्या, ओरेगॉनची गत आपली व्हायला नको. विधेयक व्हायला वेळ लागेल हे मला कळतं. तोपर्यंत 64अ चा लाभ व्यसनी नसलेल्यालाही मिळावा आणि पोलिसांनी अटकेच्या वेळीच हे कलम आरोपीला समजावून सांगावं, एवढी दुरुस्ती तरी लवकर होऊ शकते.

आणि येत्या अधिवेशनात एक तारांकित प्रश्न विचारा. महाराष्ट्रात गेल्या पाच वर्षांत एनडीपीएसखाली अटक झालेल्यांपैकी किती जण केवळ सेवनासाठी पकडले गेले, त्यातल्या किती जणांनी पहिल्याच दिवशी गुन्हा कबूल केला, किती जणांना कलम 64अ चा लाभ मिळाला, आणि राज्यातल्या कोणत्या जिल्ह्यांत आज एकही सरकारमान्य व्यसनमुक्ती केंद्र नाही. हे चार उपप्रश्न एकाच प्रश्नात बसतात. मसुदा मी करून ठेवला आहे, मागाल त्या खासदारांच्या कार्यालयात स्वतः आणून देईन.

आपली विश्वासू,
मोफत कायदेसेवा पॅनेलवरील एक वकील
मुंबई